मुलाचें वागणें आणि आईबापांचा अभ्यास

चष्मा ही वस्तु तशी अगदीं साधी. दोन कांचा, एक चौकट आणि कानांवर बसणाऱ्या दोन काड्या. परंतु अमेरिकेंतील एका लहान मुलाच्या आईबापांना वर्षाहून अधिक काळ खटपट करूनही ही साधी वस्तु मुलाच्या डोळ्यांवर ठेवतां आली नाहीं, आणि त्यापायीं त्याची दृष्टि जाण्याची वेळ आली. मुलगा नऊ महिन्यांचा असतांना त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु आढळला. वयाच्या दुसऱ्या वर्षीं शस्त्रक्रिया करून डोळ्यांतील नैसर्गिक भिंगें काढून टाकावीं लागलीं. अशा डोळ्यांना चष्म्याचें भिंग देणें हाच त्या काळचा उपाय होता. तें न दिल्यास डोळा नीट पाहावयास शिकत नाहीं, आणि शिकण्याचें वय एकदां निघून गेलें म्हणजे मागाहून दिलेला चष्मा फारसा उपयोगी पडत नाहीं. नेत्रवैद्यांनीं बजावलें कीं, येत्या सहा महिन्यांत मुलगा चष्मा लावूं लागला नाहीं तर बारीक पाहण्याची त्याची शक्ति कायमची नष्ट होईल.

मुलगा मात्र चष्म्याला जवळ येऊं देईना. मनाविरुद्ध कांहीं झालें कीं तो डोकें आपटी, गालांवर चापट्या मारून घेई, केस ओढी, तोंड ओरबाडी. रात्रीं आई किंवा वडील उशाशीं बसल्यावांचून तो झोपत नसे. त्याचें जेवण धड नव्हतें, बोलणें जवळजवळ नव्हतेंच. कोणी त्याची बुद्धि मंद आहे असें म्हणे, कोणी मेंदूस इजा झाली असें सांगे. स्वमग्नतेचें निदानही झालें होतें. निदानें झालीं, परंतु उद्यां सकाळीं उठून काय करावें, हें त्यांपैकीं एकाही निदानानें आईबापांस सांगितलें नाहीं. अखेर तीन वर्षांच्या त्या मुलास वॉशिंग्टन राज्यांतील एका मनोरुग्णालयांत ठेवण्यांत आलें. तेथें मॉन्ट्रोज वुल्फ, टॉड रिस्ले आणि हेडन मीस या तिघांनीं जें काम केलें त्याचा निबंध १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. निबंधांत मुलास ‘डिकी’ हें नांव दिलें आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईबापांनीं वर्तन-विश्लेषणाची विद्या शिकावी, या विचाराच्या आरंभकाळांतील हें एक प्रसिद्ध उदाहरण होय.

या विद्येचें मूळ त्याहून जुनें आहे. १९३८ सालीं बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें प्राण्यांच्या वर्तनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पेटींतल्या उंदरानें दांडी दाबली आणि त्यास खाणें मिळालें, तर तो दांडी पुन्हां दाबतो; खाणें मिळेनासें झालें म्हणजे कांहीं काळानें दाबणें सोडून देतो. एखाद्या कृतीमागून काय घडतें, यावर ती कृति पुन्हां होईल कीं नाहीं हें पुष्कळसें अवलंबून असतें, असें यावरून त्यानें दाखविलें. कृति ज्या परिणामानें बळकट होते त्यास परिभाषेंत प्रबलन म्हणतात. पुढें १९६८ सालीं कॅन्सस विद्यापीठांतील बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांनीं या विद्येच्या उपयोजित शाखेचीं लक्षणें एका निबंधांत मांडलीं. त्यांतील एक लक्षण आईबापांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: जें वर्तन बदलावयाचें तें त्या व्यक्तीच्या आयुष्याच्या दृष्टीनें खरोखर महत्त्वाचें असलें पाहिजे. केवळ इतरांच्या डोळ्यांना बरें दिसावें म्हणून मुलास बदलणें हा या विद्येचा हेतु नव्हे. हें लक्षण पुढें अनेकदां विसरलें गेलें, हा भाग निराळा.

आतां ही विद्या घरांत कशी उतरते तें पाहूं जातां, तिचा पाया तीन शब्दांत सांगतां येतो: पूर्वप्रसंग, वर्तन आणि परिणाम. समजा, एक आई आपल्या पांच वर्षांच्या मुलास घेऊन वाण्याच्या दुकानीं गेली. मुलास बोलतां येत नाहीं. समोर बरणींत गोळ्या दिसतात, हा पूर्वप्रसंग. मूल जमिनीवर अंग टाकून ओरडूं लागतें, हें वर्तन. चार माणसें वळून पाहतात, आई शरमेनें मुलाच्या हातांत गोळी ठेवते आणि ओरडणें थांबतें, हा परिणाम. या एका मिनिटांत दोन धडे दिले गेले. ओरडलें कीं गोळी मिळते, हें मूल शिकलें. गोळी दिली कीं शांतता मिळते, हें आई शिकली. दोघांनींही एकमेकांस शिकविलें, आणि दोघांनाही आपण शिकविल्याचा पत्ता नाहीं. दुसऱ्या दिवशीं आई निश्चय करून गोळी देत नाहीं, तिसऱ्या दिवशींही देत नाहीं, चौथ्या दिवशीं पाहुणे बरोबर असल्यामुळें देते. यामुळें मुलाची सवय सुटत नाहीं, उलट अधिकच घट्ट होते. कारण पुष्कळ वेळ ओरडल्यास केव्हां तरी गोळी मिळतेच, हा नवा धडा तें शिकतें.

यांत आईस दोष देण्याचा प्रश्न नाहीं. ज्या मुलास शब्द आहेत तें मागतें, रुसतें, वाद घालतें, बापाकडे जाऊन गाऱ्हाणें करतें. ज्यास शब्द नाहींत त्याच्यापाशीं साधनें थोडीं. त्यांतलें जें चालतें तें तें वापरतें. म्हणून अशा मुलाच्या आरडाओरड्यास हट्ट किंवा वेड म्हणून मोकळें होण्यापूर्वीं, तें काय सांगत आहे असा प्रश्न विचारणें, ही या अभ्यासाची पहिली पायरी होय.

याचें उत्तर बहुधा चार प्रकारांपैकीं एक असतें. मुलास कोणाचें तरी लक्ष हवें असतें. किंवा एखादी वस्तु हवी असते. किंवा एखादें काम, जागा, आवाज अथवा माणूस टाळावयाचें असतें. किंवा त्या कृतीपासून शरीरास जी संवेदना मिळते तीच हवी असते. बॉल्टिमोर येथील ब्रायन आयवाटा व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं स्वतःस इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. प्रत्येकास वेगवेगळ्या परिस्थितींत थोडा थोडा वेळ ठेवून, कोणत्या वेळीं इजा वाढते तें त्यांनीं मोजलें. वरवर एकसारखी दिसणारी कृति निरनिराळ्या व्यक्तींत निरनिराळ्या कारणांनीं घडते, असें त्यावरून दिसून आलें.

हा भेद न कळल्यास केलेला उपाय उलटा पडतो. दोन मुलें कपाळ भिंतीवर आपटून घेतात असें समजा. पहिला आई स्वयंपाकांत गुंतली कीं आपटतो, आणि आई धांवत येऊन त्यास उचलते. दुसरा पाटी पुढें ठेवली कीं आपटतो, आणि शिक्षक त्यास शिक्षा म्हणून वर्गाबाहेर बसवितात. पहिल्यास लक्ष हवें होतें, तें मिळालें. दुसऱ्यास पाटी नको होती, ती गेली. शिक्षकांच्या मतें ती शिक्षा होती. मुलाच्या दृष्टीनें तें बक्षीस होतें. बक्षीस कोणतें व शिक्षा कोणती हें देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नसून, पुढें तें वर्तन वाढलें कीं घटलें यावरून ठरतें.

कारण ओळखण्यासाठीं आईबापांस यंत्र लागत नाहीं; एक वही पुरते. त्रासदायक प्रसंग घडला कीं दिवस, वेळ, त्याच्या आधीं काय झालें, मुलानें काय केलें आणि नंतर कोणी काय केलें, हें चार ओळींत लिहावयाचें. ‘आज फार त्रास दिला’ अशी नोंद निरुपयोगी होय. ‘सोमवार, सायंकाळीं ६ वाजतां; कुकरची शिटी झाली; कानांवर हात ठेवून किंचाळला; ओसरीवर नेलें; दोन मिनिटांत शांत झाला’ ही नोंद उपयोगाची. अशा आठ-दहा नोंदी एकाखालीं एक वाचल्या म्हणजे जें महिनोन्महिने दिसलें नव्हतें तें दिसूं लागतें. वरील मुलाच्या बाबतींत शिकविण्यासारखें कांहीं नाहींच. त्याच्या कानांस तो आवाज सोसत नाहीं. शिटी होण्यापूर्वीं त्यास सांगून ओसरीवर नेलें कीं झालें. पुष्कळदां मुलास बदलण्याऐवजीं प्रसंग बदलणें हाच सर्वांत सोपा व दयाळू उपाय असतो.

वहीच्याही आधीं वैद्याकडे जावें. ज्यास बोलतां येत नाहीं त्या मुलाचा कान ठणकत असेल, दाढ किडली असेल, शौचास साफ होत नसेल, किंवा त्यास झटके येत असतील, तर तें डोकें आपटूनच सांगेल. दुखणें असतांना वर्तनाचे उपाय करीत बसणें हा मुलावर अन्याय आहे.

कारण कळल्यावर नको असलेलें वर्तन दाबून टाकणें एवढ्यानें भागत नाहीं; त्याच हेतूसाठीं चांगला मार्ग द्यावा लागतो. एडवर्ड कार व मार्क ड्युरांड यांनीं १९८५ सालीं हें चार मुलांच्या बाबतींत दाखवून दिलें. काम कठीण वाटलें म्हणून जें मूल त्रागा करी, त्यास मदत मागावयास शिकविलें; लक्ष मिळावें म्हणून जें करी, त्यास आपलें काम दाखवून शाबासकी विचारावयास शिकविलें. त्रागा कमी झाला. परंतु मुलास त्याच्या हेतूशीं संबंध नसलेलें वाक्य शिकविलें तेव्हां त्याचा उपयोग झाला नाहीं. म्हणजे मुलानें कोणतें तरी गोड वाक्य बोलणें पुरेसें नसून, त्याच्या गरजेचें वाक्य त्याच्या तोंडीं आलें पाहिजे.

हें वाक्य तोंडानेंच निघालें पाहिजे असें नाहीं. हाताची खूण चालते, चित्र चालतें. १९८५ सालींच अमेरिकेंतील डेलावेअर येथें अँडी बॉन्डी व लोरी फ्रॉस्ट यांनीं चित्र देऊन वस्तु घेण्याची पद्धति बसविली. मूल पाण्याच्या पेल्याचें चित्र आईच्या हातांत देतें आणि आई लगेच पाणी देते. चित्र वापरल्यानें मूल बोलावयाचें राहील, ही पुष्कळ घरांतील भीति निराधार आहे. शब्द वापरावयाचा तो मात्र घरांतला असावा. ज्या घरांत आजीपासून सर्वजण ‘पाणी’ म्हणतात तेथें मुलास इंग्रजी शब्द शिकविल्यास, तो घरांत कोणाच्याही तोंडून त्याच्या कानीं पडत नाहीं. बोलण्यास अडखळणाऱ्या मुलासाठीं एकच भाषा धरून आईनें आपली भाषा सोडावी, असें म्हणण्यास आधार नाहीं.

नवें कौशल्य शिकविण्याची रीतिही आईबापांस सहज समजण्यासारखी आहे. चड्डी घालणें हें मोठ्यांस एक काम वाटतें. वस्तुतः तीं सात-आठ कामें आहेत. चड्डी हातांत धरणें, पुढची बाजू ओळखणें, एक पाय घालणें, दुसरा घालणें, गुडघ्यांपर्यंत ओढणें, उभें राहणें, कमरेपर्यंत ओढणें. मुलास हीं सर्व एकदम करावयास सांगितलें तर तें पहिल्याच पायरीस हरतें. म्हणून कित्येकदां शेवटून आरंभ करतात. आईनें सर्व करून चड्डी कमरेच्या खालीं आणून ठेवावयाची आणि शेवटचा हिसका मुलानें मारावयाचा. काम पुरें केल्याचा आनंद पहिल्याच दिवशीं त्याच्या वाट्यास येतो. तें जमलें कीं गुडघ्यांपासून, मग पाय घालण्यापासून, अशा रीतीनें मागें मागें यावयाचें.

मदत करावयाची तीही मोजून. प्रथम मुलाच्या हातावर आपला हात, मग कोपरास नुसता स्पर्श, मग बोटानें दाखविणें, आणि शेवटीं नुसतें थांबणें. हें थांबणें सर्वांत कठीण. प्रेमळ आई मूल चुकण्यापूर्वींच त्याचें काम करून टाकते, आणि मूल आईच्या हाताची वाट पाहावयास शिकतें. शाबासकी द्यावयाची ती तत्काळ आणि कशाबद्दल तें सांगून: ‘वा! चड्डी आपली आपण वर ओढलीस.’ बक्षीस खाऊचेंच असावें असा नियम नाहीं. कोणास झोका आवडतो, कोणास नळाखालीं हात धरावयास, कोणास किल्ल्यांचा जुडगा वाजवावयास. मुलास काय आवडतें हें जेवढें आईस ठाऊक असतें तेवढें कोणत्याही तज्ज्ञास असत नाहीं, आणि म्हणूनच या कामांत आईबापांची जागा दुसरा कोणी घेऊं शकत नाहीं.

डिकीला चष्मा याच पायरीपायरीच्या रीतीनें लागला. आरंभीं चष्मा नव्हताच, नुसत्या रिकाम्या चौकटी खोलींत ठेवल्या होत्या. चौकट उचलली कीं एका खेळण्याचा टक्‌ असा आवाज होई आणि खाऊचा तुकडा मिळे. मग नुसतें उचलणें पुरेना. हातांत धरणें, घेऊन फिरणें, मग डोळ्यांच्या जवळ नेणें, अशी पायरी चढत गेली. काड्या कानांवर नीट बसत नव्हत्या, तेव्हां चौकटीची घडणच बदलण्यांत आली. प्रगति मंद होती. मधून मधून ती थांबेही. परंतु अखेर मुलगा भिंगांतून पाहूं लागला, आणि रुग्णालयांतून घरीं जाईपर्यंत तो रोज सुमारें १२ तास चष्मा लावीत होता.

याच प्रकरणांत आज न पटण्यासारख्या गोष्टीही आहेत, आणि त्या झांकून ठेवणें योग्य नव्हे. खाऊचा उपयोग होईना तेव्हां न्याहारी व जेवण हींच बक्षिसें करण्यांत आलीं, म्हणजे मुलाच्या भुकेचा उपयोग करून घेतला गेला. आकांत केला कीं त्यास खोलींत एकटें ठेवून दार लावीत. दृष्टि जाण्याची घटका जवळ आली होती हें खरें. तरीही उपाशी ठेवून शिकविणें आज कोणत्याही जबाबदार तज्ज्ञास मान्य नाहीं. अन्न, पाणी, झोंप आणि आईची कूस हा मुलाचा हक्क आहे. तो बक्षीस म्हणून मिळवावयाचा नसतो.

पुढील काळांत या विद्येच्या नांवावर याहूनही कठोर गोष्टी घडल्या. लॉस एंजेलिस येथील इव्हार लोव्हास यांनीं १९८७ सालीं आपल्या दीर्घ प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. एकोणीस लहान स्वमग्न मुलांस आठवड्यास ४० तास, दोन वर्षें किंवा अधिक काळ शिकविण्यांत आलें, आणि त्यांतील ९ मुलें सामान्य शाळेंतील पहिली इयत्ता पार करूं शकलीं, असें त्यांत म्हटलें होतें. या वार्तेनें जगभरच्या आईबापांस मोठी आशा दिली. परंतु कोणतें मूल कोणत्या गटांत जावें हें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें, आणि मोठ्यानें ओरडणें व मांडीवर चापट मारणें हे उपायही त्यांत वापरले होते. २०१८ सालीं अशा सघन शिक्षणावरील पांच अभ्यासांचा, म्हणजे २१९ मुलांचा, एकत्र आढावा घेण्यांत आला तेव्हां मुलांस कांहीं फायदा होतो असें दिसलें, परंतु पुराव्याची प्रत कमकुवत ठरली. यावरून आईबापांनीं एवढें घ्यावें कीं, अमुक तासांत मूल ‘बरें’ करून देण्याचें वचन देणारा मनुष्य आपल्या ज्ञानाबाहेर बोलत असतो. त्याच्यासाठीं दागिने मोडूं नयेत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांनींच घेतला आहे. लहानपणीं हात हलवूं नकोस, डोळ्यांत पाहा, गप्प बस, असें तासन्‌तास शिकवून आम्हांस दुसऱ्यांसारखें दिसावयास लावलें. आमचें दुःख कोणी विचारलें नाहीं, असें त्यांतील अनेकांचें म्हणणें आहे. हें म्हणणें आईबापांनीं मनावर घेतलें पाहिजे. मूल आनंदानें टाळ्यांसारखे हात हलवितें, त्यानें कोणाचें काय बिघडतें? चष्मा लावावयास शिकविणें आणि हात हलविणें बंद करणें, यांत मोठें अंतर आहे. पहिल्यानें मुलाचें जग वाढतें. दुसऱ्यानें केवळ पाहुण्यांचा संकोच कमी होतो. कोणतेंही ध्येय ठरवितांना, यानें मुलास स्वतःस काय मिळेल, हा प्रश्न आधीं विचारावा. आणि मुलानें मान फिरवून, दूर सरून, हात झिडकारून ‘नको’ म्हटलें, तर तोही शब्दच समजावा.

घरीं उपाय करतांना एका गोष्टीची पूर्वसूचना असणें अवश्य आहे. ओरडण्यास आजवर गोळी मिळत होती ती मिळेनाशी झाली म्हणजे ओरडणें लगेच कमी होत नाहीं, आधीं वाढतें. पत्र टाकूनही उत्तर न आलेला मनुष्य जसा दुसरें अधिक कडक पत्र लिहितो, तसें हें आहे. याच वेळीं बहुतेक घरें हार खातात, आणि वाढलेल्या ओरडण्यास गोळी देऊन बसतात. म्हणून मागण्याचा चांगला मार्ग आधीं शिकवावा, त्यास न चुकतां फळ द्यावें, आणि मगच जुन्या मार्गाचें फळ बंद करावें. जें मूल स्वतःस किंवा इतरांस इजा करतें, त्याच्या बाबतींत मात्र घरच्या घरीं हा प्रयोग करूं नये; तेथें जाणत्या तज्ज्ञाची देखरेख हवीच.

आपल्याकडील घरांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. आईबाप एक नियम ठरवितात आणि आजी पदराआडून बिस्किट देते. आजीची माया खरी असते, परंतु मूल त्यावरून, ओरडावयाचें तें आजीच्या खोलीपाशीं, एवढेंच शिकतें. येथें आजीस दटावून कांहीं साधत नाहीं. तिला वही वाचून दाखवावी आणि कामांत मानाची जागा द्यावी. मुलानें बिस्किटाचें चित्र आणून हातांत ठेवलें कीं बिस्किट देण्याचा मान आजीचा, असें ठरविलें कीं तीच या नियमाची सर्वांत दक्ष राखणदार होते. घरांत चार माणसें असणें ही अडचण नव्हे. चौघांची रीति एक झाली तर मुलास चार शिक्षक मिळतात.

आईबापांना हें खरोखर शिकतां येतें काय, असा प्रश्न साहजिक आहे. २०१५ सालीं अमेरिकेंतील सहा केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन ते सात वर्षांच्या १८० स्वमग्न मुलांचे आईबाप चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले होते. एका गटास स्वमग्नतेविषयीं माहिती दिली. दुसऱ्यास मुलाचें वर्तन हाताळण्याच्या रीती प्रत्यक्ष शिकविल्या. चोवीस आठवड्यांनंतर आईबापांच्या नोंदींप्रमाणें मुलांची चिडचिड पहिल्या गटांत ३१·८ टक्के, तर दुसऱ्या गटांत ४७·७ टक्के कमी झाली. माहितीनेंही फरक पडला हें लक्षांत घ्यावें. सरावानें अधिक पडला.

त्या अभ्यासाचीं केंद्रें मोठ्या विद्यापीठांशीं जोडलेलीं होतीं. परंतु २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला एक अभ्यास गोव्यांत आणि पाकिस्तानांतील रावळपिंडी येथें झाला. तेथील रीति वर्तन-विश्लेषणाची नव्हती; मुलाच्या लहानसहान खुणा ओळखून त्यास प्रतिसाद कसा द्यावा, हें आईबापांस शिकविण्याची होती. ६५ मुलांच्या या प्रयोगांत शिकविणारे मानसोपचारतज्ज्ञ नसून प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य-कार्यकर्ते होते. आईबापांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलेंही होऊन अधिक संवाद साधूं लागलीं. जागतिक आरोग्य संघटनेनेंही पालकांसाठीं नऊ सामूहिक बैठकी व तीन गृहभेटी यांचा अभ्यासक्रम तयार केला आहे. तज्ज्ञ थोडे आणि मुलें फार, अशी स्थिति ज्या देशांत आहे तेथें या मार्गाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. भारतांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता या दोहोंचाही समावेश आहे. कायद्यानें शाळेचें दार उघडतें, तरी चड्डी वर ओढण्याचा धडा घरांतच द्यावा लागतो.

डिकीच्या रुग्णालयांत ही गोष्ट फार लवकर ओळखली गेली होती. मुलास नुसतें सुधारून घरीं पाठविलें असतें तर जुन्या घरांत जुनें वर्तन परत आलें असतें. म्हणून आईबाप भेटीस येत तेव्हां कर्मचारी मुलाशीं कसे वागतात तें त्यांस दाखवीत, मग तेंच त्यांच्याकडून करवून घेत, आणि मुलगा घरीं जाऊं लागला तेव्हां आरंभीं एक कर्मचारी त्याच्याबरोबर गेला. रात्रीं झोपविण्याचें काम, जें पूर्वीं अर्धी रात्र चाले, तें आईबापांच्या हातीं आलें.

घरीं परतल्यावर सहा महिन्यांनीं आईनें कळविलें कीं, मुलगा अजून चष्मा लावतो, आकांत करीत नाहीं, रात्रीं झोपतो, दिवसेंदिवस अधिक बोलतो, आणि घरांतल्या माणसांना त्याच्यापासून नवा आनंद मिळत आहे. मुलगा स्वमग्न होता, तो स्वमग्नच राहिला असेल. परंतु त्याचे डोळे वांचले. समोर आलेलें माणूस आपली आई आहे, हें त्यास आतां दुरूनही दिसत होतें.